तळटीप : फील्ड रेजिमेंटमधील सैनिकाची युद्धसेवा

भारतीय तोफखान्यात पायदळाच्या बटालियनएवढी तुकडी म्हणजे रेजिमेंट. फील्ड रेजिमेंटमध्ये साधारणपणे तीन बॅटऱ्या आणि १८ तोफा असतात. जवानाच्या युद्धसेवेचा शोध त्याच्या आर्मी नंबरापासून सुरू करावा. डिस्चार्ज बुक हरवले असले तरी पेन्शनच्या कागदांवर तो सापडतो. बहुतेक पदकांच्या कडेवरही नंबर व नाव कोरलेले असते. जवानांची सेवापुस्तके तोफखाना अभिलेख कार्यालयाकडे असतात. हे कार्यालय नाशिकरोड कॅम्पात आहे. अर्ज मात्र जवानाने किंवा वारसाने करावा.

पदकांवरून आघाडीचा अंदाज येतो: १९७१ चा पूर्वी स्टार बांगलादेशच्या बाजूचा, पश्चिमी स्टार पाकिस्तान सीमेवरचा. पण रेजिमेंट कळली म्हणजे जागा कळली असे नव्हे. २५ पौंडी तोफेचा पल्ला सुमारे १२ किलोमीटर. गनर मागे तोफेवर, तर निरीक्षण अधिकाऱ्याचा वायरलेस ऑपरेटर थेट पायदळाबरोबर पुढे. त्यामुळे जवानाचा ट्रेड आधी पाहावा आणि रेजिमेंट ज्या ब्रिगेडला साथ देत होती तिचा इतिहास वाचावा. घरातल्या आठवणींपेक्षा हा मार्ग भरवशाचा.

दुसऱ्या महायुद्धातील भारतीय तुकड्यांच्या अनेक युद्धदैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १९४७ मध्ये तोफखान्याचीही वाटणी झाली. काही रेजिमेंट पाकिस्तानकडे गेल्या.