ताडी, मोह आणि जीवाणूंचे प्लास्टिक

डहाणूच्या किनारपट्टीवर आणि तलासरीच्या पाड्यांवर किण्वन, म्हणजे सूक्ष्मजीवांकरवी पदार्थ आंबवणे, ही प्रयोगशाळेतून आलेली विद्या नव्हे. ताड किंवा शिंदीचा रस पहाटे उतरवून गोड नीरा म्हणून टिकवायचा असेल तर मडक्याला आतून चुना फासतात. एरवी दुपारपर्यंत त्याची ताडी होते, कारण यीस्ट साखरेचे मद्यार्क करते आणि काही जीवाणू त्याच साखरेपासून लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल, तयार करतात.

सूक्ष्मजीवांचे हे काम फुकट असले तरी त्यावर महसूल उभा राहिला. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीचा व्यवसाय परवान्यांत आणि झाडपट्टीत, म्हणजे दर झाडामागच्या करात, बांधला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत, दारू गाळण्यासाठीही वापरली जाणारी मोहाची फुले विकणे, हलवणे आणि बाळगणे यांवरच निर्बंध घातले. डहाणू व तलासरीसह आजच्या पालघर जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा ठाण्यातच मोडत असल्याने, अंगणात वाळवून टंचाईत पोटाला आधार देणारे फूल वारली आदिवासींच्या घरात संशयाचा माल ठरले. दारूवरचा महसूल राखण्यासाठी अन्नावर पहारा बसवणारा हा कायदा हेतूने जितका सरळ होता तितकाच परिणामाने निष्ठुर होता.

सूक्ष्मजीवांच्या कामाचे दुसरे रूप पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लमोआन यांनी १९२६ मध्ये ओळखले. कर्बयुक्त अन्न मुबलक पण नत्रासारखे पोषक घटक अपुरे असले की बॅसिलस मेगाटेरियम हा जीवाणू, माणूस चरबी साठवतो तसे, आपल्या पेशीत पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेटचे कण साठवतो, आणि हे कण म्हणजेच जमिनीत कुजणारे नैसर्गिक प्लास्टिक होय. खरकट्यापासून ते मिळवताना एका गटाचे जीवाणू अन्नाची आम्ले करतात आणि दुसऱ्या गटाचे जीवाणू ती खाऊन हा साठा करतात. लॅक्टिक आम्लाच्या रेणूंची साखळी जोडून होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल ही निराळी वाट आहे. त्याचे प्रात्यक्षिक केंद्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीत उघडले. मात्र पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लास्टिक मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातील उष्णतेत लवकर कुजते, समुद्रात नाही, हे किनाऱ्यावरच्या वाचकाने ध्यानात घ्यावे.

डहाणू तालुक्यातील घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिकल्यावर तो जेमतेम काही दिवस टिकत असल्याने मागे राहणाऱ्या फळाच्या चकत्या, भुकटी आणि वाइन केली जाते. साखरेने भरलेला उरलेला गर व साली अशा जीवाणूंचे खाद्य होऊ शकतात, पण केंद्र सरकारच्या जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांची हिरवी, नारिंगी व लाल अशी वर्गवारी केली, लाल वर्गाला मज्जाव केला आणि औद्योगिक क्षेत्रावर ५०० एकरांची कमाल मर्यादा घातली. ताडी आणि मोहाप्रमाणेच, चिकूच्या गरापासून असे प्लास्टिक करू पाहणाऱ्या कारखान्यालाही प्रथम कागदावरच्या वर्गवारीला सामोरे जावे लागेल. फरक एवढाच, की त्या वेळी पहारा महसुलासाठी होता आणि या वेळी तो बागा, जंगल व किनारा यांच्या रक्षणासाठी आहे.