‘काइंड ऑफ ब्लू’ची एक बाजू ३३ वर्षं चढ्या सुरात वाजत होती. जॅझवाल्यांना त्याचं एवढं काय?

जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करायची, असं कुणाला विचारलं की बहुतेक वेळा एकच नाव पुढे येतं: माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. साल १९५९, पाच रचना, साधारण ४५ मिनिटं. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या ५० लाख प्रती खपल्याची नोंद आहे. २००९ मध्ये तर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने त्याच्या गौरवाचा ठराव मंजूर केला.

पण या अल्बमची पहिली बाजू १९५९ ते १९९२ अशी ३३ वर्षं चुकीच्या वेगाने वाजत होती.

झालं असं. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. २ मार्च १९५९ ला तिथे पहिल्या तीन रचनांचं ध्वनिमुद्रण झालं. खबरदारी म्हणून दोन टेप मशीन चालू होती. त्यातलं मुख्य मशीन त्या दिवशी किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की संगीत जलद होतं आणि सूर वर चढतो. तबकड्या त्याच टेपवरून निघाल्या. फरक अर्ध्या स्वराहूनही कमी होता, त्यामुळे घरी ऐकणाऱ्याला काही खटकायचं नाही. मात्र रेकॉर्डसोबत ट्रम्पेट वाजवायला बसलं की सूर जुळायचा नाही. २२ एप्रिलला मुद्रित झालेली दुसरी बाजू व्यवस्थित होती. (तिच्यावरच्या दोन रचनांची नावं सुरुवातीच्या काही प्रतींवर उलटसुलट छापली गेली, ती गडबड वेगळीच.) अखेर १९९२ च्या आवृत्तीसाठी दुसऱ्या मशीनवरची राखीव टेप वापरली, तेव्हा कुठे सूर जागेवर आला.

एवढ्याशा फरकाचं एवढं काय, असं वाटू शकतं. त्यासाठी जॅझमध्ये अल्बम म्हणजे काय, ते बघायला हवं.

सिनेमाचं गाणं आधी रचलं जातं, मग वाजवलं जातं. पन्नास जणांनी गायलं तरी गाणं तेच राहतं. जॅझची गोष्ट ख्यालाच्या जवळची आहे. बंदिश दोन ओळींची, बाकीचं त्या मैफलीत घडतं. ‘काइंड ऑफ ब्लू’साठी डेव्हिसने वादकांपुढे नुसते आराखडे ठेवले होते. सगळ्या रचना एका दमात वाजवल्या गेल्या अशी दंतकथा आहे, ती तितकीशी खरी नाही. मध्येच थांबलेले प्रयत्न टेपवर आहेत. पण एक रचना सोडली, तर पहिल्यांदा जे पूर्ण वाजलं तेच अल्बममध्ये आलं. म्हणजे पहिली बाजू ही २ मार्चच्या त्या एका दिवसाची नोंद आहे. त्या नोंदीतच चूक राहिली होती.

‘सो व्हॉट’ ही पहिली रचना मराठी कानाला तशी परकी नाही. चार-चार मात्रांचे ३२ भाग. पहिल्या १६ मध्ये कोमल गंधार आणि कोमल निषाद, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. पुढच्या ८ मध्ये तोच साचा अर्धा स्वर वर जातो आणि शेवटच्या ८ मध्ये मूळ जागी परततो. रागात षड्ज असा हलत नाही, इथे हलतो. त्याआधीच्या जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलायच्या आणि वादकाला त्यांच्यामागे धावावं लागायचं. इथे त्याला एका जागी रेंगाळायला मिळतं.

नोंद आणि प्रत्यक्ष यांतला झगडा ड्यूक एलिंग्टनच्या ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’मध्ये अजून ठळक दिसतो. जुलै १९५६ च्या त्या महोत्सवात पॉल गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनांचा सोलो वाजवला आणि लोक नाचायला उठले. (नाव गोव्याचं वाटतं, पण त्याचं कुटुंब केप व्हर्देचं.) गंमत म्हणजे तो चुकून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओच्या माइकसमोर वाजवत होता, त्यामुळे कंपनीच्या टेपवर तो दूरचा ऐकू येतो. शिवाय अल्बममधला बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढवल्या होत्या. पुढे रेडिओची टेप सापडली, दोन्ही टेप जुळवल्या गेल्या आणि १९९९ मध्ये ती मैफल पहिल्यांदा नीट ऐकायला मिळाली.

आणि जॉन कोल्ट्रेन. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कोल्ट्रेनने ९ डिसेंबर १९६४ ला, एकाच दिवसात, ‘अ लव्ह सुप्रीम’ मुद्रित केला. चार भाग, जेमतेम ३३ मिनिटं. १९५७ मध्ये हेरॉइनच्या व्यसनातून सुटल्याबद्दल देवाचे मानलेले हे आभार होते. शेवटच्या भागात तो कव्हरवर छापलेली स्वतःची प्रार्थना अक्षरशः शब्दाला शब्द लावून सॅक्सोफोनवर ‘म्हणतो’. कव्हर हातात धरून ऐकलं की हे कळतं, मोबाइलवर निसटून जातं. सॅन फ्रान्सिस्कोत तर कोल्ट्रेनला संत मानणारं आणि या संगीताने उपासना करणारं चर्च आहे. रविशंकरांवरून आपल्या मुलाचं नाव रवी ठेवणारा कोल्ट्रेन तो हाच.

१९६५ मध्ये त्याने हीच रचना सिॲटलच्या एका क्लबमध्ये वाजवली, तेव्हा ती सुमारे ७५ मिनिटं चालली. ती टेप २०२१ मध्ये बाहेर आली. ज्यांना मूळ अल्बम पाठ होता, त्यांनाही ती नव्याने ऐकावी लागली.

नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी ‘सो व्हॉट’मधला पॉल चेंबर्सचा बास तेवढा धरावा, बाकीचं आपोआप मागे येतं. वेग दुरुस्त केलेल्या आवृत्त्या आता सर्रास मिळतात. मग ‘फ्लेमेंको स्केचेस’. वर उल्लेख केलेला अपवाद तो हाच. ही रचना त्या दिवशी दोनदा पूर्ण वाजवली गेली आणि अल्बममध्ये न आलेली आवृत्ती १९९७ पासून सोबत मिळते. तेच वादक, तोच दिवस, तोच आराखडा. दोन्ही लागोपाठ लावा आणि डेव्हिसचा ट्रम्पेट कुठे वेगळा वळतो ते पाहा.