डबल टाकी: चांद्याच्या जंगलातलं गाडीचं तेल

आजचा विषय वरकरणी फारच गॅरेजछाप आहे. ट्रकची डिझेल टाकी. त्यातही एक टाकी पुरत नाही म्हणून चेसिसच्या दुसऱ्या बाजूला जी जोडटाकी बसवतात, ती. मला मात्र चंद्रपूर-गडचिरोलीचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास या टाकीतून जितका नीट दिसतो, तितका गोंड राजांच्या वंशावळीतूनही दिसत नाही. थोडं ऐका, मग ठरवा.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच कमी. गडचिरोली शहरातून आपल्याच जिल्ह्यातल्या सिरोंचाला जायचं तर दोनशेहून जास्त किलोमीटर. रेल्वे एवढ्या मोठ्या जिल्ह्यात फक्त उत्तरेच्या टोकाला, वडशाला शिवून जाते. बाकी सगळं चाकांवर. आणि चाकं फिरवायची तर तेल सोबत न्यायचं, हा इथला जुना नियम.

आता मागे जाऊ, दुसऱ्या महायुद्धात. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. मोटारी बंद पडायची वेळ आली, तेव्हा मालकांनी गाडीच्या मागे किंवा बाजूला एक उभं पिंप बसवलं. त्यात कोळसा पेटवायचा, हवा कमी द्यायची, म्हणजे जळका वायू तयार होतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. यालाच कोळशाची गाडी म्हणायचे. चंद्रपूरकरांनो, हा आपला खाणीतला दगडी कोळसा नव्हे बरं का! त्याच्या डांबराने इंजिन चोंदून जातं. लागायचा तो लाकडाचा कोळसा. एक लिटर पेट्रोलचं काम करायला साधारण दीड किलो. गाडी सुरू व्हायलाच पंधरा-वीस मिनिटं, आणि चढावर दम निघून जायचा. घराघरांतले आजोबा सांगतात ना, की घाट आला की उतारू खाली उतरून बस ढकलायचे, ते याच गाड्यांबद्दल. तेल मिळत नाही म्हणून जंगलच टाकीत भरायचं, असा तो प्रकार होता.

त्याच युद्धातून आलेली दुसरी वस्तू आजही आलापल्लीच्या कुठल्याही गॅरेजात दिसेल. जेरीकॅन. ब्रिटिश सैनिक जर्मनांना टिंगलीनं ‘जेरी’ म्हणायचे, त्यावरून हे नाव. वीस लिटरचा, दोन पत्रे दाबून जोडलेला, वर तीन मुठी. तीनच का? एका माणसाने रिकामे दोन डबे एका हातात धरावेत, आणि भरलेला डबा दोघांनी मिळून उचलावा, म्हणून. आत वरच्या बाजूला हवेची जागा ठेवलेली, त्यामुळे भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो.

आणि याचा धागा भारताशी जुळतो. १९३९ साली पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनिअर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. निघताना लक्षात आलं की अडीअडचणीला पाणी ठेवायला गाडीत काहीच नाही. तेव्हा त्या जर्मन सहकाऱ्याने टेंपेलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन डबे उचलून आणले. सैन्याचं गुपित, वापरलं पिण्याच्या पाण्याला! सहकाऱ्याला अर्ध्या वाटेतून परत जावं लागलं, प्लाइस एकटा कलकत्त्यापर्यंत आला. इंग्रजांचे चार गॅलनचे पातळ डबे वाळवंटात सारखे गळायचे, त्यामुळे पुढे त्यांनी जर्मन डब्याची हुबेहूब नक्कल केली.

युद्ध संपलं, डिझेल आलं. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक बाहेर पडू लागले. तोपर्यंत सागवान बैलगाड्यांवर. अर्थात हत्तीही होते; कमलापूरचा शासकीय हत्ती कॅम्प १९६२ चा, तिथले हत्ती लाकूड ओढायचे. हत्तीला टाकी लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण बांबू पेपर मिलला आणि साग बल्लारपूरच्या डेपोत पोचवायचा तो ट्रकनेच. मग डबल टाकी आली.

ती बसवणं दिसतं तितकं सोपं नाही. डिझेल इंजिन टाकीतून जेवढं तेल ओढतं, तेवढं सगळं जाळत नाही. उरलेलं परतीच्या नळीने टाकीत सोडतं. समजा मिस्त्रीने दोन टाक्या जोडल्या, ओढणारी नळी डावीकडे टाकली आणि परतीची उजवीकडे ठेवली. डावी रिकामी होत जाईल, उजवी भरून वाहू लागेल, आणि ड्रायव्हरला वाटेल तेल कुणीतरी चोरलं. म्हणून दोन्ही नळ्या एकत्र फिरवणारा कॉक लागतो. दुसरी पद्धत, दोन्ही टाक्या तळाशी एका पाइपने जोडायच्या. स्वस्त आहे, पण जंगलातल्या रस्त्यावर खालून एक दगड त्या पाइपला लागला की दोन्ही टाक्या एकदम रिकाम्या. टाकी पूर्ण आटली की गाडी एअर पकडते. मग रात्री, मोबाईलला रेंज नसताना, हँडपंप मारत एअर काढत बसा. शिवाय ३०० लिटर डिझेल म्हणजे जवळपास अडीचशे किलो वजन. तेवढा माल कमी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेली गाडी परवानगीशिवाय बदलायची नाही. कॅन आणि ड्रमसाठी पेट्रोलियम कायदा १९३४: डिझेल २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना चालतं, पण एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नको. पेट्रोलचे नियम खूप कडक. तरीही मोठी टाकी हवीच असते, कारण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा डिझेल त्याच्या बाहेर राहिलं. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून भाव वेगळा. तेलंगण आणि छत्तीसगड दोन्ही शेजारी. जिथे स्वस्त तिथे टाकी फुल करायची, हा साधा हिशेब.

भामरागडकडे मात्र हिशेब पैशाचा नसतो. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो. १९७३ च्या डिसेंबरमध्ये हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तर पावसाळा म्हणजे महिनोन्‌महिने जगाशी संबंध बंद. अशा ठिकाणी पावसाआधी भरून ठेवलेल्या डिझेलवर जनरेटर चालतो, आणि पेशंटला घेऊन गाडी निघू शकते की नाही हेही त्यावरच ठरतं.

आणि हेच तेल इथे जाळायलाही वापरलं गेलं. २३ डिसेंबर २०१६. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीवर माओवाद्यांनी सत्तरच्या आसपास वाहनं पेटवली. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली, आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा ड्रायव्हर गेला. अशा जाळपोळीत बाहेरून काही आणावं लागत नाही. गाडीच्याच टाकीतलं डिझेल काढून गाडीवर ओततात. लांब पल्ल्यासाठी भरलेली टाकी म्हणजे तयार ठेवलेली आग. हप्ते फेडत असलेल्या ट्रकमालकाचं त्या रात्री काय झालं असेल, याचा विचार बातम्यांत फारसा येत नाही. आकडा येतो, दुसऱ्या दिवशी दुसरा आकडा येतो.

आता चित्र बदलतंय. १ जानेवारी २०२५ ला अहेरी ते गर्देवाडा मार्गावर पहिल्यांदा एसटी धावली. त्याच वर्षी हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. लोहखनिजाचा चुरा पाण्यात कालवून नळीतून वाहून न्यायचा. त्या फेऱ्यांना ना ट्रक लागतो, ना टाकी. डबल टाकी बसवून ज्यांनी या रस्त्यावर पोट भरलं, त्यांच्या गाड्या आता कुठल्या मालावर लागतात, ते मला आलापल्ली आणि आष्टीच्या नाक्यांवर जाऊन विचारायचं आहे. तुमच्या घरी कुणी या मार्गावर गाडी चालवली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्याच ऐकू.