पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी

21 मार्च 1977, सोमवार. तुम्ही जवळा बाजारला एसटीतून उतरता ते उतरावंच लागतं म्हणून. परभणीकडे निघालेली गाडी रस्त्यात अडली आहे, पुढे नुसती माणसंच माणसं. काल पाडवा झाला. गुढ्या मावळतीला उतरल्या, पण कडुलिंबाचे डगळे अजून दारांना खोचलेले आहेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. तोच खाली उतरतो आणि पहिला दिसेल त्याला विचारतो, "खरंच पडल्या का हो बाई?"

"पडल्या! रायबरेलीत पडल्या!" चार-पाच जण एकदम ओरडतात.

त्या ओरडण्याकडे लक्ष द्या. गेले एकवीस महिने इथल्या हॉटेलात दिल्लीचा विषय निघाला की माणूस आधी मागे वळून बघायचा. बाकावर परका बसला असेल तर बोलणं पाऊसपाण्यावर जायचं. 25 जून 1975 ला आणीबाणी लागली आणि शेजाऱ्यालाही शेजाऱ्याचा भरवसा उरला नाही. शाळेच्या गुरुजींच्या मागे नसबंदीच्या 'केस' आणायचा तगादा लागला. मुंबईत विधिमंडळाने 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर करून टाकलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण एवढं बारीक शेतातल्या माणसाला कोण सांगणार? सरकारी जीप दिसली की माणसं जवारीत शिरायची. आज तीच माणसं भर रस्त्यात, परक्यांच्या देखत, नाव घेऊन बोलताहेत. माझ्या मते त्या दिवसाचा खरा विजय हाच. खासदार कोण झाला हे त्याच्या नंतर येतं.

कुणीतरी तुमच्या कपाळाला गुलाल फासतो. "कोण्या गावचे पाव्हणे?" विचारतो खरा, पण उत्तराला थांबत नाही, सरळ मिठी मारतो. पेढे आणायला वेळ कुणाला होता? काल गुढीला बांधलेल्या साखरेच्या गाठीच लोक फोडून वाटताहेत. एक तुकडा तुमच्या तोंडात येतो, दोऱ्यासकट. हलगी सुरू होते. गाडीतले उतारू, कुणी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेले, कुणी परभणीला दवाखान्यात निघालेले, एकमेकांना ओळखत नसताना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचू लागतात. कंडक्टर तिकिटांची पेटी छातीशी धरून नाचतो.

हॉटेलातल्या रेडिओभोवती दाटी आहे. रात्रभर इथे कुणी झोपलेलं नाही. बातमी आणि बातमी यांच्या मध्ये गाणी लागायची आणि लोक गाण्यांवर चिडायचे. आता लोकसभा निवडणुकीचे आकडे येताहेत. राजनारायण यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना 55,202 मतांनी हरवलं. आणीबाणी उठली. मग आपल्या मुलखाचे निकाल पोचू लागतात, काही रेडिओवरून, काही येणाऱ्या गाड्यांमधून, आणि प्रत्येक नावाला आरोळी उठते. औरंगाबादेत बापू काळदाते. लातुरात उद्धवराव पाटील. परभणीत शेकापचे शेषराव देशमुख, हिंगोलीत जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील. आणि मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण ज्या जिल्ह्याचे, त्या नांदेडात आणीबाणीचा तुरुंग भोगलेले केशवराव धोंडगे! मराठवाड्याच्या आठ जागांपैकी काँग्रेसकडे उरलं ते उस्मानाबाद. या भागाचा राग आणीबाणीच्याही आधीचा आहे. 1972 च्या दुष्काळात इथल्या माणसांनी खडी फोडून दिवस काढले आणि 1974 च्या विकास आंदोलनात जवळच वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी गेले.

ओट्यावर एक आबा बसले आहेत. पटका सैल झालाय, डोळे ओले आहेत. त्यांनी निजामाचं राज्य पाहिलं, रझाकार पाहिले. "तव्हा फौज यावी लागली बापा," ते तुमचा हात धरून म्हणतात, "रणगाडे आले तव्हा निजाम हटला. औंदा मह्या अंगठ्यानं काम केलं." बोटावरची शाई ते तुम्हाला दाखवतात. ती अजून पुरती गेलेली नाही.

मिरवणूक पुढे सरकते, पण गावाच्या कडेच्या वस्तीकडे वळताच तुम्हाला कळतं की हलगीचा आवाज सगळ्या दारांत सारखा पोचत नाही. इथे कितीजणांना बाईंच्याच राज्यात घराला जागा मिळाली, सावकाराचं कर्ज माफ झालं. त्यांनी काँग्रेसच्या गाय-वासरावर शिक्का मारला आणि त्यांची आजची काळजी खरी आहे. एक पोरगा तिकडे गुलाल उधळायला निघतो. गुरुजी त्याचं मनगट धरतात. "त्या दारात नको. आपल्याला बोलता येतंय म्हणून हे चाललंय, कुणाला गप्प करायला नाही." तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव होईल आणि याच मराठवाड्यात, याच परभणी-नांदेडच्या पट्ट्यात दलितांची घरं जळतील. आज खांद्याला खांदा लावून नाचणारे त्या रात्री कुठे असतील, हा प्रश्न घशाशी येतो. विचारणार कुणाला? हेही ठाऊक आहे की जनता पक्षाचं मोरारजी देसाईंचं सरकार 1979 च्या पावसाळ्यात पडेल आणि 1980 च्या जानेवारीत हिंगोली पुन्हा बाईंच्याच पक्षाला मत देईल. पण म्हणून आजचा आनंद खोटा ठरत नाही. शिक्का फिरवता येतो हे लोकांना कळलं, ते पुन्हा फिरवतीलच.

उन्हं चढतात. गाडी कधीच निघून गेली, तुम्ही राहिलात. हॉटेलात आता नाच थांबून भांडण जुंपलंय. गुरुजींनी वहीचं पान फाडलंय, नव्या खासदारांना पत्र लिहायचंय.

"पहिलं लिवा, मनमाडपासून मोठी रेल्वे पाहिजे. किती दिवस ही बारकी गाडी?"

"आधी पाणी! येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी शेवटच्या चारीला पोचत नाही, ते लिवा."

"कापसाचा भाव राहिला, गुरुजी."

"हळू बोला, एकेक जण," गुरुजी म्हणतात.

"हळू कामून?" मागून कुणीतरी विचारतं, आणि सगळे पुन्हा एकदम बोलू लागतात.