अपडेटचा इतिहास : फोनचं आयुष्य कोण ठरवतं?

स्मार्टफोनचा इतिहास सांगायचा म्हटलं की साधारणपणे नव्या फोनांची यादी पुढं येते. कोणत्या वर्षी कोणता फोन आला, पडदा किती मोठा झाला, एका कॅमेऱ्याचे तीन कधी झाले. आज आपण हाच इतिहास दुसऱ्या टोकाकडून पाहणार आहोत. फोन विकत घेतल्यावर पुढं त्याचं काय होतं? त्याला नवं सॉफ्टवेअर किती वर्षं मिळतं, ते कोण देतं आणि थांबवायचं कधी, हे कोण ठरवतं? २००७ पासून या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं. ते का बदललं हे समजलं, की आपल्या खिशातल्या वस्तूचे आपण नेमके किती मालक आहोत, याचाही अंदाज येतो.

सुरुवात थोडी आधीपासून करू. २००३ मध्ये नोकिया ११०० बाजारात आला. टॉर्चवाला, धुळीला न जुमानणारा फोन. जगभरात त्याचे सुमारे २५ कोटी नग विकले गेले आणि आपल्याकडे तर तो गावोगाव पोचला. त्या फोनला अपडेट कधी आलं, असं कुणी विचारलं नाही. कारखान्यातून निघताना त्यात जे सॉफ्टवेअर होतं, ते शेवटपर्यंत तेच राहिलं. आणि त्यानं काही बिघडलंही नाही, कारण त्या फोनला बोलणं आणि एसएमएस एवढंच काम होतं. इंटरनेटशी त्याचा संबंध नव्हता. इथं एक गोष्ट लक्षात ठेवू या. सॉफ्टवेअर धान्यासारखं पडून पडून किडत नाही. ते जुनं होतं, कारण बाहेरचं जग बदलतं. ज्या दिवशी फोन इंटरनेटला जोडला गेला, त्या दिवशी त्याला वय लागलं.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. त्यात ॲप स्टोअर नव्हतं. ते जुलै २००८ मध्ये आलं, आणि आलं ते अपडेटमधूनच. म्हणजे वर्षभरापूर्वी घेतलेला फोन एका रात्रीत वेगळी वस्तू झाला. ग्राहकाला हे नवीन होतं. विकत घेतलेला मिक्सर किंवा टीव्ही घरात आल्यावर नवं काही शिकत नाही, हा शिकला.

पण इथं एक गमतीची अडचण होती, हिशेबाची. तेव्हाच्या अमेरिकी हिशेबाच्या नियमांचा ॲपलनं लावलेला अर्थ असा होता, की विकलेल्या वस्तूत पुढं फुकट नवं काही देणार असाल, तर तिची सगळी किंमत विक्रीच्या दिवशी जमा धरता येणार नाही. म्हणून ॲपलनं आयफोनचं उत्पन्न २४ महिन्यांत विभागून दाखवलं आणि अपडेट फुकट दिलं. आयपॉड टच या त्याच्या धाकट्या भावाचं उत्पन्न मात्र विक्रीच्या दिवशीच जमा होत होतं. त्यामुळं त्याच्या मालकांकडून अपडेटचे पैसे घेतले गेले. जानेवारी २००८ मध्ये सुमारे २० डॉलर, मग २.० आवृत्तीला आणि पुढच्या वर्षी ३.० ला प्रत्येकी सुमारे १० डॉलर. २००९ च्या शेवटी हिशेबाचे नियम बदलले आणि जून २०१० मध्ये आलेली आयओएस ४ ही आवृत्ती सगळ्यांना फुकट मिळाली.

सगळ्यांना म्हणजे, ज्यांचं यंत्र यादीत होतं त्यांना. त्याच जून महिन्यात २००७ चा पहिला आयफोन यादीतून गळला. तो बाजारात येऊन जेमतेम ३ वर्षं झाली होती. 'अपडेट फुकट' आणि 'तुमच्या फोनला नाही' ही दोन वाक्यं इतिहासात एकाच महिन्यात ऐकू आली, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. पैशाचा प्रश्न सुटला आणि मुदतीचा प्रश्न सुरू झाला.

आता अँड्रॉइडकडं वळू, कारण आपल्या देशातले बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीनं बनवलेला, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. गूगलनं ही प्रणाली फोन बनवणाऱ्यांना मोकळी दिली. कुणीही घ्यावी, आपल्या फोनात घालावी. त्यामुळं फोन स्वस्त झाले, शेकडो कंपन्या आल्या. पण अपडेटचा रस्ता लांबला. ॲपलमध्ये फोन आणि सॉफ्टवेअर एकाच घरातलं. अँड्रॉइडमध्ये गूगल नवी आवृत्ती तयार करते. मग चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपवर चालेल अशी करते. मग फोन बनवणारी कंपनी त्यावर आपला साज चढवते आणि प्रत्येक मॉडेलवर तपासते. अमेरिकेसारख्या देशात त्यानंतर मोबाइल सेवा देणारी कंपनीही तपासते. या साखळीतली एक कडी जरी म्हणाली, की 'आता यात आमचा फायदा नाही', तर अपडेट तिथंच अडकतं.

आणि फायदा खरोखरच नव्हता. फोन विकताना नफा एकदाच मिळतो. त्यानंतर दिलेलं प्रत्येक अपडेट हा खर्च. आपल्याकडं त्या काळात अनेक ब्रँड चीनमधल्या कारखान्यांत तयार झालेले फोन आणून स्वतःच्या नावानं विकत. दर थोड्या महिन्यांनी नवं मॉडेल. आधीच्या मॉडेलकडं पुन्हा बघायला माणसं ठेवायची कुणी?

मे २०११ मध्ये गूगलनं आपल्या वार्षिक परिषदेत मोठ्या फोन कंपन्यांना बरोबर घेऊन जाहीर केलं, की नव्या फोनांना बाजारात आल्यापासून १८ महिने अपडेट मिळतील, हार्डवेअर झेपत असेल तर. या घोषणेच्या पुढं वाटाण्याच्या अक्षता लागल्या. पण १८ हा आकडा मागं उरला आणि तो गूगलच्याच फोनला भोवला. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेला गॅलेक्सी नेक्सस हा गूगल आणि सॅमसंगचा फोन. ऑक्टोबर २०१३ च्या शेवटी अँड्रॉइड ४.४ आलं, तेव्हा त्याला ते मिळालं नाही. गूगलनं १८ महिन्यांची मुदत संपल्याचं कारण दिलं. शिवाय त्या फोनातली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची होती, आणि ती कंपनी २०१२ मध्येच मोबाइल चिपच्या धंद्यातून बाहेर पडली होती. फोन ठणठणीत, मालक राजी, गूगलही शाबूत. साखळीतली मधली कडी निघून गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, नवी आवृत्ती नाही मिळाली तर बिघडलं कुठं? रंगरूप जरा जुनं राहील, एवढंच ना? याचं एक उत्तर आपल्या भाषेच्या इतिहासात आहे. सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकूर उघडला, की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, किंवा वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली दिसत. हे टप्प्याटप्प्यानं सुधारलं. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.० मध्ये गूगलनं ज्या १५ नव्या भाषा जोडल्या, त्यांत मराठी होती. काही कंपन्यांनी आपल्या फोनांत भारतीय भाषा स्वतःहून आधीच घातल्या होत्या, हे खरं. पण मूळ अँड्रॉइडमध्ये, फोनच्या मेनूपासून सगळं मराठीत, हे या आवृत्तीपासून शक्य झालं. ज्यांच्या फोनला हे अपडेट आलं नाही, त्यांच्यापर्यंत ती मराठी पोचलीच नाही. भाषा तयार होती, फोन हातात होता, मध्ये फक्त अपडेट नव्हतं.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, गूगलनं भारतात अँड्रॉइड वन ही योजना आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे, साधारण साडेसहा हजार रुपयांच्या आसपासचे फोन. त्यांचं अपडेट थेट गूगलकडून येणार होतं. आणि ते आलंही. अँड्रॉइड ४.४ वर विकलेल्या या फोनांना पुढं ५ आणि ६ या आवृत्त्या मिळाल्या. स्वस्त फोनलाही वेळेवर अपडेट देता येतं, हे तेव्हा सिद्ध झालं. विक्री मात्र बेताचीच राहिली. दुकानात उभं राहिल्यावर गिऱ्हाईक कॅमेरा आणि मेमरी विचारत होतं. अपडेट काउंटरवर दाखवता येत नाही, हीच त्याची अडचण.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. जुलै २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक या सुरक्षा संशोधकानं अँड्रॉइडमधली एक त्रुटी उघड केली. ऑडिओ आणि व्हिडिओ वाचणाऱ्या 'स्टेजफ्राइट' नावाच्या भागात ती होती. एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून, काही फोनांत तर तो न उघडताही, आत शिरता येत होतं. अंदाज असा दिला गेला, की सुमारे ९५ कोटी फोनांना धोका आहे. दुरुस्ती गूगलकडं तयार होती. प्रश्न ती या लांबलचक साखळीतून ९५ कोटी खिशांपर्यंत न्यायची कशी, हा होता.

या धक्क्यानं दोन बदल झाले. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करू लागली, आणि अँड्रॉइड ६ पासून फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसू लागली. आज घरी गेल्यावर ती तारीख जरूर बघा. दुसरा बदल २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये झाला. त्याचं नाव 'प्रोजेक्ट ट्रेबल'. चिपशी बांधलेलं सॉफ्टवेअर आणि वरची अँड्रॉइड प्रणाली यांच्यामध्ये त्यानं एक ठरलेली सीमा आखली. म्हणजे घराचा पाया न उकरता वरचा मजला बदलता यावा. पुढं २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीतले काही भाग प्ले स्टोअरच्या मार्गानं परस्पर बदलता येऊ लागले.

ॲपलकडं साखळी आखूड होती, पण तिथं वेगळंच पाणी मुरत होतं. जानेवारी २०१७ मधल्या एका अपडेटनंतर आयफोन ६ आणि ६ एसचे काही मालक फोन मंद झाल्याची तक्रार करू लागले. डिसेंबरमध्ये फोनांच्या वेगाची मोजमापं प्रसिद्ध झाली आणि ॲपलनं मान्य केलं, की जुनी बॅटरी दगा देऊन फोन अचानक बंद पडू नये म्हणून त्याचा वेग कमी केला जातो. तांत्रिक कारण खरं होतं. पण मालकाला ते सांगितलं नव्हतं. बॅटरी बदलून काम भागेल हे माहीत नसल्यानं कित्येकांनी फोनच बदलला असणार. ॲपलनं माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०१८ मध्ये जुन्या फोनांना मंद करणाऱ्या अपडेटबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्समध्ये २०२० साली ॲपलला २.५ कोटी युरो भरावे लागले. म्हणजे आता अपडेट न देण्याइतकंच, अपडेट न सांगता काय करतं, हेही सरकारांच्या नजरेत आलं.

मग मुदती वाढू लागल्या. सप्टेंबर २०१३ च्या आयफोन ५ एसला नव्या आवृत्त्या थांबल्यानंतरही जानेवारी २०२३ मध्ये एक सुरक्षा अपडेट मिळालं. फेअरफोन या छोट्या डच कंपनीनं २०१५ चा आपला फोन, चिप कंपनीनं हात झटकल्यावरही, अँड्रॉइड ५ पासून १० पर्यंत आणला आणि मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. छोट्यांनी करून दाखवल्यावर मोठ्यांना 'शक्य नाही' म्हणणं अवघड झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस २४ ला ७ वर्षांचं आश्वासन दिलं. आणि २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नियमच लागू झाला, की मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून निदान ५ वर्षं ऑपरेटिंग सिस्टीमची अपडेटं द्यायची. १८ महिन्यांच्या तोंडी आश्वासनापासून इथं यायला १४ वर्षं लागली. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्याचा भर दुरुस्तीवर आहे.

शेवटी एक मुद्दा सांगून थांबतो. ७ वर्षांची आश्वासनं महागड्या फोनांपासून सुरू झाली, स्वस्त फोनांच्या मुदती अजून बऱ्याच आखूड असतात. आणि आपल्या घरांत फोन एकाच हातात राहत नाही. मुलगा नवा घेतो, जुना आईकडं जातो. तिच्याकडून कधी कामाला येणाऱ्या मावशींकडं, नाहीतर जुन्या फोनांच्या बाजारात. कंपनीनं ठरवलेली मुदत जेव्हा संपते, तेव्हा फोन पहिल्या मालकाकडं क्वचितच असतो. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपनं अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या फोनांवर काम करणं थांबवलं. तेव्हा ते फोन कुणाच्या हातात असतील, याचा विचार करा. त्याच हातांना आज बँकेचा ओटीपी येतो, पेन्शनचा मेसेज येतो, नातवंडांचे व्हिडिओ येतात. मुदत एकानं ठरवली, पैसे दुसऱ्यानं दिले, आणि ती संपल्याचा फटका तिसऱ्याला.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेलात, की कॅमेऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारा : याला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? आणि ते साल मोजताना आपली २ वर्षं धरू नका. तो फोन ज्याच्याकडं शेवटी जाणार आहे, त्याची वर्षंही त्यात धरा. आता प्रश्न घेऊ या.