धार, वेग आणि पाणी

शाळेच्या कार्यशाळेतील पटाश्यांना धार लावण्यासाठी विजेवरचे यंत्र घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो : वेगाने फिरणारे कोरडे चाक घ्यावे, की सावकाश फिरणारे ओले? हा प्रश्न केवळ किमतीचा नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात अनेक कारागिरांचे प्राण गेले आहेत.

धार लावणे म्हणजे पोलादाहून कठीण कणांनी पोलाद खरवडणे. निसण्यावर हाताने घासण्याची रीत फार जुनी. दांड्याने फिरवायचे धारेचे चाक युरोपात नवव्या शतकातील एका सचित्र स्तोत्रग्रंथात दिसते. हा ग्रंथ आज नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे आहे. पुढे ही चाके पाणचक्कीला जोडली गेली. चाके वालुकाश्माची, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झच्या कणांची असत.

इंग्लंडमधील शेफिल्ड हे चाकू-हत्यारांचे गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे वाफेचे इंजिन आले. नदीकाठच्या पाणचक्क्यांतले काम आता शहरातील कोंदट खोल्यांत तासन्‌तास चालू लागले. क्वार्ट्झची बारीक धूळ श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसे. आज या रोगाला आपण सिलिकोसिस म्हणतो. फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८४५ साली शेफिल्डच्या डॉ. नाइट यांच्या आधारे लिहिले, की कोरड्या चाकावर काम करणारे सरासरी जेमतेम ३५ वर्षे जगतात आणि ओल्या चाकावरचे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतात. पाण्याने धूळ दबते, एवढाच काय तो दहा वर्षांचा फरक!

क्वार्ट्झला पर्याय अनपेक्षितपणे सापडला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी चिकणमाती आणि कोक यांच्या मिश्रणातून वीजप्रवाह सोडला. तयार झालेले चकाकणारे स्फटिक कार्बन आणि कोरंडम यांचे संयुग असावे असे समजून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ नाव दिले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. (यातला ‘कोरंडम’ शब्द मूळचा भारतीय, आपला ‘कुरुंद’ त्याच कुळातला.) १८९७ साली चार्ल्स जेकब्स यांनी बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड बनवले. पोलादासाठी तेच अधिक सोयीचे ठरले. या कणांच्या चाकांमुळे क्वार्ट्झची धूळ टळली आणि वेगही वाढवता आला.

पण वेगाबरोबर उष्णता आली. आपण हिशेब करून पाहू. १५ सेंमी व्यासाचे चाक मिनिटाला २८५० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर भरतो. याउलट २५ सेंमीचे चाक मिनिटाला ९० फेरे घेत असेल, तर हा वेग सेकंदाला जेमतेम १.२ मीटर, म्हणजे चालत्या माणसाइतका असतो.

आपले लोहार पोलादाला ‘पाणी देतात’. तापवून एकदम थंड केलेले पोलाद कठीण पण ठिसूळ असते. ते पुन्हा बेताने तापवले, की चिवट होते. साध्या कार्बन पोलादाच्या पटाशीसाठी हे तापमान साधारण २०० ते २२० अंश सेल्सियस ठेवतात. वेगवान चाकावर पटाशीची पातळ कड क्षणात ३०० अंशांवर जाऊन निळी पडते. मग तिचे पाणी उतरले असे समजावे. ती लवकर बोथट होते आणि तेवढा भाग घासून काढावा लागतो.

म्हणूनच १९७३ साली स्वीडनमध्ये टॉर्गनी यान्सन यांनी विजेची मोटर आणि पाण्यात बुडालेले संथ चाक यांची पुन्हा सांगड घातली. आजची ‘टॉर्मेक’ यंत्रे त्याच परंपरेतली.

तेव्हा निवड कशी करावी? कड तुटलेली असेल आणि पुष्कळ धातू काढायचा असेल, तर वेगवान चाक वेळ वाचवते. मात्र स्पर्श हलका ठेवावा, पटाशी वारंवार पाण्यात बुडवावी, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर योग्य मुखपट्टी हवी. विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे असेल, तर संथ ओले चाक बरे : पोलादाचे पाणी टिकते आणि धूळही कमी उडते. शेवटचा हात मात्र दोन्ही बाबतीत निसण्यावरच फिरवावा लागतो.

आपल्या शाळेतील चाकाचा व्यास आणि त्यावर लिहिलेले फेरे घेऊन कडेचा वेग विद्यार्थ्यांना काढायला सांगा. यंत्राची पारख तेथूनच सुरू होते.