समुद्रकाठची हत्तीण

आपल्यापैकी काही जण आज न्यू जर्सीत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे कधी जाणे झाले तर ॲटलांटिक सिटीजवळच्या मार्गेट गावात जरूर डोकवावे. तेथे रस्त्याच्या कडेला सहा मजली उंचीची एक हत्तीण उभी आहे. नाव लूसी. पाठीवर अंबारी आणि तोंडाला भलेमोठे सुळे! आपल्याकडच्या हत्तिणीला असे सुळे नसतात, पण बांधणाऱ्यांनी तो विचार केला नसावा.

१८५४ मध्ये ॲटलांटिक सिटीला रेल्वे आली आणि फिलाडेल्फियाची मंडळी उन्हाळ्यात समुद्रावर येऊ लागली. जेम्स लॅफर्टी याने शहराच्या दक्षिणेला वाळूची ओसाड जमीन घेतली होती. तिथवर गिऱ्हाईक यावे म्हणून १८८१ मध्ये त्याने हा हत्ती उभारला. सुतारांनी लाकूड तासून, वाकवून सांगाडा केला आणि वर पत्रा ठोकला. पायातल्या गोल जिन्याने पोटातल्या खोलीत आणि तेथून अंबारीत जाता येते. अंबारीतून लॅफर्टी लोकांना विकाऊ प्लॉट दाखवी. १८८२ मध्ये त्याने प्राण्याच्या आकाराच्या इमारतीचे पेटंटही मिळवले.

लूसीला दोन भावंडे होती. कोनी आयलंडचा हत्ती १८९६ मध्ये जळाला, केप मेचा १९०० मध्ये पाडला गेला. लूसी मात्र राहिली. कधी ती उन्हाळी बिऱ्हाड झाली, कधी गुत्ता. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, सुट्टीचे लोक दूर जाऊ लागले आणि खाऱ्या वाऱ्याने लूसीचा पत्रा गंजला. १९७० मध्ये खालची जमीन विकली गेली. हत्तीण हलवा, नाहीतर पाडू, असा प्रश्न आला. मुदत जेमतेम महिन्याची. गावकऱ्यांनी समिती केली, वर्गणी काढली आणि २० जुलै १९७० रोजी लूसीला चाकांवर चढवून जवळच्या नव्या जागेवर नेले. दोनच वर्षांनी ॲटलांटिक सिटीचे प्रसिद्ध ट्रेमोर हॉटेल सुरुंग लावून पाडण्यात आले. त्या काळातले वैभव गेले, जाहिरातीसाठी केलेला लाकडी हत्ती टिकला. १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. लूसीला हलवायला एक दिवस पुरला. राखणे पन्नास वर्षे चालू आहे. २०२१-२२ मध्ये तिचा बाहेरचा सगळा पत्रा बदलावा लागला. पहिल्या उत्साहात जमलेल्या वर्गणीवर हे भागले नसते.

आपल्या शाळेच्या कौलारू इमारतीच्या दुरुस्तीचा विषय या मेळाव्यात आहे. छप्पर शाकारण्यापुरते पैसे जमतीलही. पण दर पावसाळ्याआधी कौले पाहणार कोण, हेही त्याच बैठकीत ठरावे, एवढीच विनंती.